कारमधले महागडे जीपीएस यंत्र: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

नेव्हिगेशनच्या यंत्रात नुसते 'वडगाव' टाइप केले, तर पुढे बरीच मोठी यादी येऊ शकते. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, बारामतीकडचे वडगाव निंबाळकर, कराडजवळचे वडगाव हवेली, बेळगावातले वडगाव. याच यादीत कुठेतरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याचे पेठ वडगाव असते, आणि तेही नेहमी याच नावाने सापडते असे नाही. जनगणनेच्या कागदांत ते 'वडगाव कसबा' आहे, तर नगरपरिषद नुसत्या 'वडगाव' नावाची. पुण्याकडून येताना पुणे-बंगळूरु महामार्ग सोडून ज्या वाठारला आत वळायचे, त्याचीही तीच गत. कराड तालुक्यात याच महामार्गावर एक वाठार आहे आणि कोरेगाव तालुक्यात वाठार स्टेशन आहे.

महागड्या नेव्हिगेशन यंत्राची वैशिष्ट्ये समजून घ्यायला असे गाव चांगले. मोठ्या शहरात जवळजवळ सगळीच यंत्रे बरी चालतात. निमशहरी भागात, उसाच्या पट्ट्यात, दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या गावात आले की कोणती सोय खरी कामाची आणि कोणती फक्त खोक्यावर छापण्यापुरती, हे लवकर कळते.

असे यंत्र प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कामे करते. गाडी कुठे आहे हे ओळखणे, हे पहिले. नकाशावर त्या ठिकाणापासून इच्छित स्थळापर्यंतचा रस्ता काढणे, हे दुसरे. आणि तो रस्ता आज, आत्ता, जाण्याजोगा आहे का हे सांगणे, हे तिसरे. किंमत वाढते तसे पहिले काम खूप सुधारते, दुसरे थोडेफार सुधारते. तिसरे मात्र यंत्राच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. दुकानदार सहसा पहिल्या कामाबद्दल बोलतो, आणि प्रवासात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यात.

जागा कशी कळते?

एक गैरसमज आधी दूर करू. उपग्रह तुमच्या गाडीवर 'नजर' ठेवत नाही. तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊकच नसते. तो फक्त आपली जागा आणि अचूक वेळ रेडिओ लहरींतून सतत सांगत असतो. गाडीतले यंत्र म्हणजे नुसता श्रोता. लहर निघाली कधी आणि पोहोचली कधी यातल्या फरकावरून ते उपग्रहाचे अंतर मोजते. किमान चार उपग्रहांचे अंतर मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातली चूक अशा चारही गोष्टी सुटतात. म्हणून जागा कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवायला आणि वाहतुकीची ताजी माहिती मिळवायला. नकाशा यंत्रात आधीच साठवलेला असेल, तर मोबाइलची रेंज गेलेल्या घाटातही मार्गदर्शन चालू राहते.

सगळा खेळ वेळेचा आहे. प्रकाश एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळ एक दशलक्षांश सेकंदाने चुकले, तर अंतरात ३०० मीटरची चूक. त्यासाठी उपग्रहांवर अणुघड्याळे बसवलेली असतात.

जीपीएस हे खरे तर अमेरिकेच्या यंत्रणेचे नाव. तिचा पहिला उपग्रह १९७८मध्ये गेला आणि १९९५मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. सामान्य वापरकर्त्यांसाठीच्या लहरींत मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २०००मध्ये बंद केली. त्याआधी जागेत १०० मीटरपर्यंत फरक पडत असे, म्हणजे महामार्गावरचा फाटा गेला की यायचा आहे हेही नीट कळले नसते. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलसुद्धा सुमारे ५ मीटरपर्यंत जागा सांगतो.

जीपीएसशिवाय रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणा जगभर चालतात. भारताची 'नाविक' ही प्रादेशिक यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३मध्ये गेला. पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांवरची परदेशी अणुघड्याळे बंद पडली. मे २०२३मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१वर भारतात बनवलेले अणुघड्याळ आहे. जानेवारी २०२५मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. खोक्यावर 'नाविक' लिहिलेले असणे चांगलेच, पण त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजावेत असे आज वाटत नाही. यंत्र एकाच वेळी तीन-चार यंत्रणांचे उपग्रह ऐकते का, हे विचारणे जास्त उपयोगाचे. आकाशाचा तुकडा जितका लहान, तितका जास्त उपग्रह ऐकण्याचा फायदा मोठा.

महागड्या रिसीव्हरमध्ये जास्त काय असते?

पहिली गोष्ट म्हणजे दोन वारंवारतांवर ऐकण्याची क्षमता. माहितीपत्रकात ती 'ड्युअल फ्रीक्वेन्सी' किंवा 'एल-१, एल-५' अशी लिहिलेली असते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना रेडिओ लहरी थोड्या रेंगाळतात, आणि वेगळ्या वारंवारतेच्या लहरी वेगवेगळ्या प्रमाणात रेंगाळतात. दोन्ही ऐकणाऱ्या यंत्राला या फरकावरून उशीर किती झाला ते काढता येते. उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींमुळे होणारी फसगतही एल-५मुळे कमी होते. पेठ वडगावच्या बाजारपेठेत हा फायदा जेमतेम जाणवेल, मुंबईच्या लोअर परळमध्ये नक्की जाणवेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वडगावहून पुण्याला निघालेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यात आणि पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरली की उपग्रह दिसेनासे होतात. साधे यंत्र तिथे थबकते किंवा शेवटच्या वेगाने अंदाज मारत राहते. चांगल्या यंत्रात वळण ओळखणारा जायरोस्कोप आणि वेगातला बदल मोजणारा संवेदक असतो. कारखान्यातूनच गाडीत बसवून आलेले यंत्र तर चाकांच्या फेऱ्याही मोजते. किती चाललो आणि कुठे वळलो एवढे कळले की उपग्रहाशिवायही जागा काढता येते. जहाजावरचे खलाशी शेकडो वर्षे हेच करत आले. किंबहुना मोटारीतले नेव्हिगेशन जीपीएसच्या आधीचे आहे. होंडाने १९८१मध्ये आणलेल्या यंत्रात उपग्रहाचा संबंधच नव्हता, जायरोस्कोप आणि पारदर्शक फिल्मवर छापलेले नकाशे एवढ्यावर ते चाले. उपग्रहावर चालणारे नेव्हिगेशन गाडीतच बसवून विकण्याची सुरुवात माझदाच्या १९९०च्या युनोस कॉस्मोपासून झाली.

या अंदाजात चूक साठत जाते, पण एक-दीड किलोमीटरच्या बोगद्यात ती नगण्य असते. चाकांच्या फेऱ्या मोजण्याची सोय काचेला चिकटवायच्या यंत्रात किंवा मोबाइलमध्ये येत नाही. कारखान्यातून आलेल्या महाग यंत्राचा खरा वरचष्मा इथेच आहे.

तिसरी गोष्ट अँटेना, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. बाहेरून बसवून घेतलेल्या अँड्रॉइड स्टिरिओबरोबर वायरच्या टोकाला एक छोटी चौकोनी डबी येते. तीच जीपीएसची अँटेना. बसवणारा घाईत असला की ती डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबतो, आणि मग भारीतला रिसीव्हरही आंधळा होतो. ती डबी काचेजवळ, वर आकाश दिसेल अशी हवी. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तीही लहरी अडवते.

नकाशा आणि फाटा

पाच मीटरची चूक चालण्यात काहीच वाटत नाही, पण महामार्ग आणि त्याला खेटून जाणारा सेवा रस्ता यांच्यात कधीकधी तेवढेच अंतर असते. यंत्र मिळालेली जागा जवळच्या रस्त्यावर 'बसवते'. गाडी सेवा रस्त्यावर उतरली आणि यंत्राने तिला महामार्गावरच बसवली, की पुढच्या सगळ्या सूचना चुकतात. सातारा ते कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते बदलत राहिले. अशा वेळी नकाशा सहा महिने जुना असला तरी पुरेसा जुना असतो. उड्डाणपुलाचेही तसेच. वर की खाली हे उपग्रहावरून नीट कळत नाही, कारण उंचीतली चूक आडव्या अंतरातल्या चुकीपेक्षा जास्त असते.

लेन दाखवणे, फाट्याचे चित्र पडद्यावर मोठे करून दाखवणे या सोयी महाग यंत्रांत हमखास असतात. मोठ्या शहरांच्या बाह्यवळणावर त्या फार उपयोगी पडतात. वाठार फाट्यासारख्या ठिकाणी त्यांचा उपयोग नकाशा बनवणाऱ्याने तिथली माहिती किती बारकाईने भरली आहे त्यावर ठरतो.

खोक्यावरचे 'लाइफटाइम मॅप अपडेट' हे शब्द जपून वाचावेत. हे आयुष्य तुमचे नसून यंत्राचे असते. कंपनी त्या मॉडेलला आधार देते तोवर, किंवा नव्या नकाशाला त्याची मेमरी पुरते तोवर. शिवाय अपडेट फुकट असले तरी ते कुणीतरी बसून करावे लागते. वर्षानुवर्षे नकाशा न बदललेली महागडी यंत्रे पुष्कळ गाड्यांत आहेत.

नावांच्या गोंधळावर आता निराळे उपाय आले आहेत. भारतीय रस्त्यांचे डिजिटल नकाशे बनवणाऱ्या मॅपमायइंडियाने प्रत्येक जागेला सहा अक्षरांचा ई-लोक संकेत दिला. गूगलचा प्लस कोड आहे. टपाल खात्याने २०२५मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशाची जमीन सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत दिला आहे. मळ्यातल्या घराला रस्त्याचे नाव नसते, घर क्रमांकाने काही कळत नाही, तिथे अशा संकेताची खरी गरज. यंत्र अक्षांश-रेखांश थेट घेते का हेही बघावे. पेठ वडगाव साधारण १६.८३ उत्तर, ७४.३२ पूर्व येथे आहे, आणि या आकड्यांवर दुसरे कुठलेही वडगाव नाही.

'जवळचा रस्ता' आणि पाण्याखालचा बंधारा

मार्ग निवडताना सर्वांत कमी वेळाचा, सर्वांत कमी अंतराचा, टोल टाळणारा, कच्चा रस्ता टाळणारा असे पर्याय मिळतात. मागच्या वेळी कुणीतरी निवडलेला पर्याय तसाच राहतो, हे लक्षात येत नाही. 'टोल टाळा' चालू राहिले असेल, तर किणीचा टोलनाका चुकवण्यासाठी यंत्र गाडीला महामार्ग सोडून आतल्या रस्त्यांत घालू शकते. गाळपाच्या हंगामात, रात्री, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमधून जाणारा हा रस्ता यंत्राच्या लेखी फक्त काही मिनिटांनी लांबचा असतो.

यापेक्षा गंभीर आहे 'सर्वांत कमी अंतर'. पेठ वडगावच्या उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा. या दोन्ही नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचे बरगे काढतात आणि पाणी वाहू देतात. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात. बंधाऱ्याच्या माथ्यावरून लोक पलीकडच्या गावाला जातात, त्यामुळे नकाशात तो साधा रस्ता म्हणून दिसतो. पाऊस लागला की 'राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ बंधारे पाण्याखाली' अशी बातमी दरवर्षी येते, वारणेकडून खोचीसारख्या बंधाऱ्यांची नावे येतात. यंत्राच्या नकाशात मात्र तो रस्ता बारमाही असतो. नदीपलीकडच्या गावाला जायचे असेल तर सर्वांत कमी अंतराचा रस्ता अनेकदा बंधाऱ्यावरूनच जातो. स्थानिक माणूस त्या दिवसांत आपणहून लांबचा पूल गाठतो. पाहुण्याच्या गाडीतले यंत्र तसे करत नाही.

हा धोका नुसता कल्पनेतला नाही. जानेवारी २०२१मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक गाडी गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. गाडीतले लोक मोबाइलवरच्या नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने चालले होते. दिवस पावसाळ्याचेही नव्हते. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४मध्ये रामगंगेवरच्या तुटक्या, अपुऱ्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. दोन्ही ठिकाणी गाडीची जागा यंत्राला बरोबर कळली होती. रस्ता पुढे नव्हता, ही माहिती त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवलेली नव्हती.

ही माहिती कुठून येते ते पाहिले की कारण कळते. वाहतुकीचा लाल-पिवळा रंग त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोबाइलच्या वेगावरून काढतात. महामार्गावर हजारो मोबाइल जातात, त्यामुळे तिथली कोंडी काही मिनिटांत दिसते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१मध्ये पुलाची शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली, तेव्हा थांबलेल्या गाड्यांची रांग हीच खूण होती. बंधाऱ्यावरच्या रस्त्याने रात्री कुणी जातच नसेल, तर खूण उमटत नाही. वाहतूक नाही, म्हणजे रस्ता मोकळा, असा उलटा अर्थही निघू शकतो. यंत्रात स्वतःचे सिम असो किंवा ते मोबाइलच्या इंटरनेटवर चालो, या बाबतीत फरक पडत नाही.

पावसाळ्यात या भागात गाडी नेणाऱ्याने यंत्राबरोबर आणखी एक आकडा पाहावा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाऊस लागला की जिल्हा प्रशासन हे आकडे रोज देते. पातळी इशाऱ्याच्या जवळ असेल, तर यंत्रात 'कमी अंतर' बंद करून मार्गावर मुद्दाम मोठ्या पुलाचा एक थांबा घालावा. मध्ये थांबे घालण्याची ही सोय सगळ्याच बऱ्या यंत्रांत असते, आणि ती वापरणारे फार थोडे.

आवाज, पडदा आणि बाकीचे

मराठीतून सूचना ही चैनीची गोष्ट मानू नये. इंग्रजी आवाज गावांची नावे अशी मोडतोड करून वाचतो की फाटा जाईपर्यंत गावच ओळखू येत नाही. देवनागरीत शोध घेता येतो का, हेही तपासावे. मोबाइलवरच्या नकाशांनी यात महागड्या यंत्रांना मागे टाकले आहे.

काचेवर वेग आणि बाण उमटवणारा डिस्प्ले असेल, तर नजर रस्त्यावरून हलत नाही, म्हणून तो पैसे वसूल करणारा. उन्हात वाचता येणारा पडदाही तसाच. वेगमर्यादेचा इशारा बरा, पण तो नकाशातल्या माहितीवर चालतो, रस्त्याकडेच्या फलकावर नाही. जीपीएसचा वेग आणि गाडीच्या काट्याचा वेग जुळत नाही म्हणून घाबरू नये. काटा थोडा जास्तच दाखवेल असा बनवतात. सपाट रस्त्यावर सारख्या वेगाने जाताना जीपीएसचा आकडा जास्त खरा.

मालवाहू गाड्यांसाठीच्या यंत्रात गाडीची उंची, रुंदी, वजन भरता येते आणि ठेंगणा पूल किंवा अरुंद रस्ता टाळता येतो. परदेशात ही मोठी सोय आहे. आपल्याकडे आतल्या रस्त्यांवरच्या पुलांची उंची आणि भारक्षमता नकाशात भरलेलीच नसते, त्यामुळे उसाच्या ट्रकला तिचा उपयोग कमी.

गाडी चालवताना उपकरण हातात धरण्याबाबत १ ऑक्टोबर २०२०पासून नियम स्पष्ट झाला आहे. ते फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच तऱ्हेने वापरता येते. पत्ता टाइप करायचा तो गाडी उभी असताना.

जुने यंत्र किंवा जुनी गाडी घेताना

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४पर्यंतच होते आणि मग शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९मध्ये असे झाले, पुढचे नोव्हेंबर २०३८मध्ये आहे. ज्या यंत्रांचे सॉफ्टवेअर यासाठी तयार नसते, त्यांची तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे जाते. जानेवारी २०२२मध्ये होंडाच्या काही जुन्या गाड्यांची घड्याळे अचानक २००२ दाखवू लागली, ती याच जातीच्या चुकीमुळे. सेकंडहँड गाडीत 'वरच्या मॉडेलचे नेव्हिगेशन' म्हणून जादा पैसे मागितले, तर आधी पडद्यावरची तारीख पाहावी, मग नकाशाचे वर्ष.

दुकानात तपासायला दहा मिनिटे पुरतात. यंत्र उघड्यावर आणून सुरू करावे. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची माहिती नव्याने घ्यावी लागते, तेव्हा अर्धा-एक मिनिट ठीक, पाच मिनिटे नाही. मग मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि 'पेठ वडगाव', 'वडगाव कसबा', 'वाठार तर्फ वडगाव' ही तिन्ही नावे एकेक करून शोधावीत. त्यानंतर अक्षांश-रेखांश घालून बघावे. शेवटी वारणेपलीकडच्या दुधगावला जाणारा रस्ता एकदा 'कमी वेळ' आणि एकदा 'कमी अंतर' लावून काढावा, आणि दोन्हींत नदी कुठे ओलांडली आहे ते नकाशा मोठा करून पाहावे.